स्पंदांची वंशावळ : लिनक्स कर्नलमधील क्लॉक-वर्णनांच्या साफसफाईचा इतिहास

१/
मार्च २०११. लिनक्स कर्नलच्या २.६.३९ या आवृत्तीसाठी जगभरातून आलेले बदल एकत्र करण्याचे काम लिनस टॉरवाल्ड्स करत होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ओमॅप चिपांविषयीचे बदल हाती आले आणि त्यांचा संयम सुटला. त्यांनी जाहीरपणे जे लिहिले त्यातील काही शब्द छापण्याजोगे नाहीत, पण आशय स्पष्ट होता. एआरएम या प्रोसेसर-घराण्याचा कर्नलमधील सारा कारभार असह्य डोकेदुखी झाला होता.

२/
राग एखाद्या बिघाडावर नव्हता, याद्यांवर होता. कोणत्या चिपमध्ये कोणत्या पत्त्यावर कोणते रजिस्टर आहे, कोणती पिन कशाला जोडली आहे, कोणते क्लॉक कोणत्या क्लॉकमधून निघते, अशा मजकुराच्या हजारो ओळी दर आवृत्तीला येत होत्या. प्रत्येक कंपनीची यादी निराळी, मांडणी निराळी आणि दोन कंपन्यांच्या याद्या एकमेकींना छेदणाऱ्या. या पसाऱ्यातील क्लॉकच्या याद्यांची साफसफाई कशी झाली, आणि एकदा झालेली साफसफाई पुन्हा का करावी लागली, त्याचा हा इतिहास.

३/
प्रथम शब्दाचा खुलासा. येथे क्लॉक म्हणजे वेळ दाखवणारे घड्याळ नव्हे. चिपमधील प्रत्येक विभागाला काम करण्यासाठी ठरावीक गतीचे विद्युत्‌स्पंद लागतात; ढोलताशा पथकात टोलावर जसा प्रत्येक वादकाचा हात पडतो, तसे. स्पंद थांबले की तो विभाग जागच्या जागी गोठतो.

४/
हे स्पंद एका मुळातून निघतात. बोर्डावर एक क्रिस्टल असतो, समजा २४ मेगाहर्ट्‌झचा. त्याची गती पीएलएल नावाचे मंडल अनेक पटींनी वाढवते. पुढे विभाजक ती गरजेप्रमाणे कमी करतात, निवडक दोन-तीन उगमांपैकी एक निवडतात आणि शेवटी प्रत्येक विभागाच्या दाराशी एक फाटक असते, जे स्पंद आत सोडते किंवा अडवते. अशी शेकडो क्लॉक एका चिपमध्ये असतात. कर्नलच्या भाषेत यांना ‘पालक’ आणि ‘अपत्य’ असेच म्हणतात, म्हणून त्यांच्या नोंदीला वंशावळ म्हणणे ही नुसती उपमा नाही.

५/
ही वंशावळ चुकली तर काय होते? फाटक बंद असताना त्या विभागाचे रजिस्टर वाचायला गेले की अनेक चिपांवर सारे यंत्रच अडकून पडते. पडद्यावर चुकीचा संदेशही येत नाही. गतीची नोंद चुकली तर सिरियल पोर्टवरून अक्षरांऐवजी कचरा बाहेर पडतो. आणि फाटक उगाच उघडे राहिले तर काहीच बिघडल्यासारखे दिसत नाही, फक्त खिशातला फोन दुपारीच चार्जिंगला लावावा लागतो. तिसरी चूक सर्वांत दीर्घायुषी, कारण तिची तक्रार करायला कोणी येत नाही.

६/
या कथेचा पहिला टप्पा २००४ च्या सुमाराचा. एआरएम लिनक्सचे मेंटेनर रसेल किंग यांनी क्लॉकसाठी एक छोटा करारनामा लिहिला. ड्रायव्हरने काय मागावे, एवढेच त्यात होते: माझे क्लॉक द्या, ते चालू करा, बंद करा, त्याची गती सांगा, गती बदला, आणि काम झाले की परत घ्या. २००६ मध्ये हा करारनामा एआरएमच्या कप्प्यातून निघून सर्व कर्नलसाठी सामायिक झाला.

७/
त्यात एक गोष्ट हेतुतः सांगितलेली नव्हती. क्लॉक म्हणजे आतून नेमके काय, हे प्रत्येक चिपवाल्याने आपापले ठरवायचे होते. त्या काळाच्या मानाने हा निर्णय शहाणपणाचाच होता. चिपा इतक्या भिन्न होत्या की सर्वांना एकच आकार देण्याचा हट्ट धरला असता तर करारावर कोणी सहीच केली नसती.

८/
पण त्याची किंमत हळूहळू वसूल होऊ लागली. ‘स्ट्रक्ट क्लॉक’ हे एकच नाव आणि त्याचे अर्थ अनेक. पुढे जेरेमी कर यांनी मोजदाद मांडली तेव्हा एआरएमच्या कप्प्यात या एका रचनेच्या सुमारे २१ वेगवेगळ्या व्याख्या होत्या. प्रत्येक गावच्या कुळकर्ण्याने आपले दफ्तर आपल्याच पद्धतीने लिहावे आणि दुसऱ्या गावच्याला त्यातला एक रकानाही लागू नये, तशी गत.

९/
याचा परिणाम केवळ सौंदर्याचा नव्हता. एकाच नावाच्या दोन भिन्न रचना एका प्रोग्रॅममध्ये राहू शकत नाहीत. म्हणून दोन कंपन्यांच्या चिपांसाठी एकच कर्नल तयार करणे अशक्य होते. घरच्या इंटेल संगणकावर एकच लिनक्स कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर सुरू होई. एआरएमवर प्रत्येक घराण्यासाठी वेगळा कर्नल बांधावा लागे. त्यामुळे उपकरणाचे आयुष्य त्याच्या कंपनीच्या उत्साहाइतकेच उरे.

१०/
ओमॅपच्या फायली या काळाचा उत्तम दस्तऐवज आहेत. ओमॅप ४ च्या क्लॉक-यादीच्या माथ्यावरच एक सूचना होती. ही फाइल कंपनीच्या हार्डवेअर-माहितीसाठ्यातून यंत्राने तयार केली आहे; कोणाला बदल करायचा असेल तर त्याने लेखकांशी समन्वय साधावा, म्हणजे ती तयार करणाऱ्या स्क्रिप्ट आणि फाइल यांच्यात फरक पडणार नाही.

११/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही सूचना दोनदा वाचावी. फाइल सार्वजनिक, परवाना मुक्त, कोणीही बदल करावा असा कर्नलचा रिवाज. पण मूळ नोंदवही कंपनीच्या आत. बाहेर दिसत होती ती नक्कल. नक्कल सुधारली तरी मूळ न सुधारल्यास पुढच्या खेपेला जुनी चूक परत येणार. याद्या लिहिणाऱ्या अभियंत्यांचा यात दोष नव्हता, त्यांनी तर आडपडदा न ठेवता वस्तुस्थिती लिहून ठेवली. दोष व्यवस्थेचा होता: हार्डवेअरविषयीचे सत्य कोणाच्या दफ्तरात राहावे, हे कोणी ठरवलेलेच नव्हते.

१२/
टॉरवाल्ड्स यांची २०११ ची तक्रार अचानक उद्भवली नव्हती. २०१० मध्येच एआरएमच्या प्रत्येक बोर्डासाठी ठेवलेल्या लांबलचक संरचना-फायलींवर त्यांनी हरकत घेतली होती आणि उवे क्लाइने-क्यूनिग यांनी त्या कापून लहान केल्या होत्या. पण ती वरवरची झाडलोट होती. क्लॉक आणि पिनांच्या याद्या केवळ लांब आहेत म्हणून कापता येत नाहीत. त्यातील प्रत्येक ओळीमागे सिलिकॉनमध्ये कोरलेली एक खरी वस्तू असते.

१३/
यातून दोन व्यवस्था पुढे आल्या. एआरएम चिपांचे सर्व बदल आधी एका चाळणीतून जावेत म्हणून सामायिक शाखा निघाली. आर्न्ड बर्गमन आणि नंतर ओलोफ योहान्सन ही नावे तिच्याशी जोडली गेली. दुसरी व्यवस्था लिनारो ही संस्था. एआरएम, फ्रीस्केल, आयबीएम, सॅमसंग, एसटी-एरिक्सन आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स यांनी ती जून २०१० मध्येच स्थापन केली होती. बाजारात एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी समान कामासाठी एकत्र पगार द्यावा, ही गोष्ट त्या उद्योगात नवीच होती.

१४/
क्लॉकच्या बाबतीत सामायिक रचनेचा प्रयत्न जेरेमी कर करत होते. एक ‘स्ट्रक्ट क्लॉक’, सर्वांसाठी एकच. ऐकायला सोपे, पण आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या तरी एकमत होईना. अडचण वरकरणी क्षुल्लक होती. ‘क्लॉक चालू करा’ ही आज्ञा दिल्यावर कर्नलने वाट पाहत थांबायचे की नाही?

१५/
हा प्रश्न नीट समजून घेण्याजोगा आहे. फाटक उघडणे म्हणजे एका रजिस्टरमधील एक बिट बदलणे. ते क्षणात होते. त्यामुळे काही कंपन्यांच्या व्याख्येत क्लॉक अगदी इंटरप्टच्या मध्यातही चालू करता येई. पण पीएलएल स्थिर व्हायला वेळ लागतो. काही क्लॉक तर चिपच्या बाहेर, आय-टू-सी या मंदगती तारेच्या पलीकडे असतात. त्यांना निरोप पाठवून उत्तराची वाट पाहावी लागते. इंटरप्टच्या मध्यात कर्नलला झोपण्याची परवानगी नसते. म्हणजे एका घराण्याचे ड्रायव्हर दुसऱ्या घराण्याच्या क्लॉकवर चालवले तर यंत्र कोसळणार.

१६/
तोडगा निघाला तो आज्ञा दुभंगण्याचा. आधी ‘सिद्धता’, मग ‘चालू’. सिद्धतेच्या वेळी हवा तेवढा वेळ घ्यावा, झोपावे, पीएलएल स्थिर होऊ द्यावा. ‘चालू’ मात्र तत्काळ व्हायला हवे. रसेल किंग यांच्या करारनाम्यात २०११ मध्ये हे नवे कलम आले. साऱ्या कर्नलमधील ड्रायव्हर त्याप्रमाणे बदलावे लागले, एकेक करून. २१ व्याख्यांचे भांडण नावांचे किंवा अहंकाराचे नव्हते, काळाविषयीच्या दोन गृहीतकांचे होते, हे या तोडग्याने उघड केले.

१७/
मार्ग मोकळा झाल्यावर काम तडीस नेले माइक टर्केट यांनी. ते आधी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये होते, मग लिनारोसाठी काम करू लागले. २० मे २०१२ रोजी प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ३.४ मध्ये ‘सामायिक क्लॉक चौकट’ दाखल झाली. तिने क्लॉकचे दोन भाग केले: वापरणाऱ्या ड्रायव्हरला दिसणारा आणि हार्डवेअर सांभाळणाऱ्याला दिसणारा. फाटक, विभाजक, निवडक, ठरावीक गतीचा उगम असे नेहमीचे प्रकार एकदाच लिहून ठेवले गेले. प्रत्येक कंपनीने आपला विभाजक नव्याने शोधून काढण्याचे दिवस संपले.

१८/
डिसेंबर २०१२ मधील ३.७ ही आवृत्ती एआरएमच्या इतिहासात मैलाचा दगड ठरली. अनेक कंपन्यांच्या चिपांवर चालणारा एकच एआरएम कर्नल तीत प्रथमच बांधता येऊ लागला. सुरुवातीच्या मोजक्या घराण्यांत कॅल्क्सेडा कंपनीचा हायबँक होता. या कंपनीचे नाव ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संदर्भ येणार आहे.

१९/
आता व्याख्या एक झाली होती, पण वर्णने अजून सी भाषेतच होती. नव्या बोर्डावर वेगळा क्रिस्टल बसवला तरी कर्नलचा कोड बदलणे भाग होते. यावर उपाय म्हणून डिव्हाइस ट्रीकडे नजर वळली. ही कल्पना एआरएमची नव्हे. ओपन फर्मवेअर या १९९४ च्या प्रमाणातून ती आली आणि पॉवरपीसी यंत्रांवर मुरली. २००५ मध्ये तिचा सुटसुटीत, सपाट अवतार तयार झाला आणि एआरएमवर तो आणण्यात ग्रँट लाइकली यांचा मोठा वाटा होता. सातबाऱ्याचा उतारा जसा जमिनीविषयी सांगतो, पण ती कशी कसावी हे सांगत नाही, तसे डिव्हाइस ट्री यंत्राचे वर्णन करते आणि ते चालवायचे कसे हे कर्नलवर सोडते.

२०/
मग क्लॉकची वंशावळही या उताऱ्यात लिहावी, हे ओघाने आले. पण किती बारकाईने? पहिले उत्तर होते: प्रत्येक क्लॉकची स्वतंत्र नोंद. ऑलविनर चिपांसाठी एमिलियो लोपेझ यांनी २०१३ मध्ये जे काम केले ते याच पद्धतीचे. ओमॅपच्या प्रचंड याद्याही तेरो क्रिस्तो यांनी २०१४ मध्ये सी भाषेतून उचलून अशाच नोंदींत नेल्या. टॉरवाल्ड्स ज्या याद्यांवर चिडले होते, त्या कर्नलच्या कोडमधून खरोखरच हद्दपार होऊ लागल्या.

२१/
हे यश वाटत असतानाच नवी अडचण उभी राहिली. डिव्हाइस ट्री हा एक वायदा असतो. बोर्डासोबत एकदा दिलेला उतारा पुढच्या प्रत्येक कर्नलने मानला पाहिजे. सी भाषेतील चूक पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करता येते. उताऱ्यातील चूक मात्र कोणाच्या तरी बोर्डावर छापून बसलेली असते. प्रत्येक क्लॉकची स्वतंत्र नोंद करणे म्हणजे शेकडो वायदे करणे, तेही चिपची कागदपत्रे अर्धवट हाती असताना.

२२/
ऑलविनरच्या बाबतीत हे प्रकर्षाने जाणवले. तेथील बरेचसे काम स्वयंसेवकांच्या समुदायाने केले होते. एखादे क्लॉक विसरले गेले, एखाद्याचा पालक चुकीचा लिहिला गेला, की दुरुस्तीसाठी नवा प्रकार काढावा लागे आणि जुना सांभाळावा लागे. अखेर २०१६ मध्ये मॅक्सिम रिपार यांनी आखलेली नवी पद्धत लिनक्स ४.८ मध्ये आली. तीत साऱ्या क्लॉक-विभागाची डिव्हाइस ट्रीमध्ये एकच नोंद होती. आतील वंशावळ परत सी भाषेच्या ड्रायव्हरमध्ये गेली.

२३/
म्हणजे तीन वर्षांपूर्वी जे वर्णन कोडमधून बाहेर काढले तेच पुन्हा कोडमध्ये आले. वरून पाहणाऱ्याला हे उलटे पाऊल वाटेल. तसे ते नव्हते. २०११ पूर्वी वंशावळ कोडमध्ये होती ती प्रत्येकाच्या खाजगी भाषेत. आता ती सामायिक चौकटीच्या भाषेत होती. बाहेरच्या जगाशी वायदा उरला तो फक्त क्रमांकांचा: अमुक क्रमांक म्हणजे सिरियल पोर्टचे क्लॉक, तमुक म्हणजे यूएसबीचे. हे क्रमांक एका सामायिक फाइलीत लिहिलेले असतात. त्यात शेवटी भर घालता येते, पण आधीचे क्रमांक हलवता येत नाहीत. चूक करायला जागा जेवढी कमी, तेवढा वायदा टिकाऊ.

२४/
याच काळातला एक छोटा, पण बोलका वाद पडदा काळा होण्याचा. नवी चौकट यंत्र सुरू होण्याच्या अखेरच्या टप्प्यात सर्व क्लॉकवरून एक फेरी मारते आणि ज्यांचा कोणी वाली नाही ती बंद करते. वीज वाचवण्यासाठी हे योग्यच. पण ऑलविनरच्या बोर्डांवर बूटलोडर आधीच पडदा चालू करून ठेवत असे आणि कर्नल त्यावर फक्त चित्र काढत असे. कागदोपत्री त्या क्लॉकचे कोणी वापरकर्ते नव्हते. कर्नलने ती बंद केली की पडदा अंधारला.

२५/
यावर २०१४ मध्ये बरीच हमरीतुमरी झाली. एका बाजूचे म्हणणे, साध्या चित्रचौकटीच्या ड्रायव्हरला क्लॉकच्या भानगडीत पाडू नये. त्याचे साधेपण हेच त्याचे भूषण. दुसरी बाजू म्हणे, चित्र चालू राहायला ही क्लॉक लागतात ही वस्तुस्थिती आहे, मग ती लिहायला संकोच कशाचा? अखेरीस दुसरी बाजू मान्य झाली आणि चित्रचौकटीच्या नोंदीत तिची क्लॉक लिहिता येऊ लागली. निर्णय योग्यच होता. जे खरे आहे ते नोंदीत नसेल तर नोंदवही प्रामाणिक राहत नाही.

२६/
काही क्लॉक तर कधीच बंद होता कामा नयेत. मेमरीचे क्लॉक थांबले तर पुढचा हुकूम वाचणार कोठून? त्यांच्यावर ‘अत्यावश्यक’ अशी खूण करण्याची सोय २०१६ मध्ये आली. तोपर्यंत लोक अशा क्लॉकना ‘न वापरलेले तरी सोडून द्या’ अशी पळवाट लावत. दोन्हींचा परिणाम पुष्कळदा सारखाच, पण एकीत कारण सांगितलेले आहे आणि दुसरीत ते दडवलेले आहे. शिवाय आळसाने लावलेल्या पळवाटेचा छडा नंतर लागत नाही.

२७/
या सगळ्या खटाटोपातून सामान्य माणसाला काय मिळाले? त्यासाठी कंपन्यांचे पुढे काय झाले ते पाहावे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने नोव्हेंबर २०१२ मध्ये १,७०० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर करून ओमॅपचा मोबाइल व्यवसाय आवरता घेतला. लिनारोच्या संस्थापकांपैकी एसटी-एरिक्सन २०१३ मध्ये मोडीत निघाली. हायबँकवाली कॅल्क्सेडा त्याच वर्षाच्या डिसेंबरात बंद पडली. ज्या दफ्तरखान्यांत मूळ नोंदवह्या होत्या, त्यांचीच दारे अशी एकामागून एक लागली.

२८/
त्या वेळी वर्णने कंपन्यांच्या खाजगी शाखांतच राहिली असती तर त्या चिपांवरची उपकरणे कर्नलच्या जुन्या आवृत्तीत अडकून पडली असती. अनेक तशी अडकलीही. पण नोकियाचा एन९०० घ्या. २००९ मध्ये बाजारात आलेला, ओमॅप ३ वर चालणारा हा फोन. त्याचे वर्णन मुख्य कर्नलच्या डिव्हाइस ट्रीमध्ये पोहोचले आणि फोन बनवणाऱ्यांनी पाठ फिरवल्यानंतरही नवे कर्नल त्यावर सुरू होत राहिले. चिप बनवणाऱ्याने तो धंदा सोडला तरी तिची वंशावळ सार्वजनिक दफ्तरात राहिली. कोण्या तरी अभियंत्याने कंटाळवाण्या याद्या ओळीगणिक तपासून हलवल्या, त्याचे हे फळ.

२९/
तरीही एक जुना वारसा चिकटून होता: नावांचा. सामायिक चौकटीत पालकाची ओळख अक्षरी नावाने दिली जाई. सोयीचे कारण होते. क्लॉकची नोंदणी कोणत्याही क्रमाने होऊ शकते. अपत्य आधी आले आणि पालक अजून यायचा असेल तर नावापलीकडे सांगणार काय? असे अपत्य कर्नल ‘अनाथ’ यादीत ठेवतो. यादीचे नावच तसे आहे. त्या नावाचा पालक नोंदला गेला की अनाथ त्याच्या पदरी घातले जाते.

३०/
नावांनी नाते जोडण्यातला धोका वंशावळी जुळवणाऱ्या कोणालाही सांगायला नको. एकाच नावाची दोन माणसे निघतात, किंवा एकाच माणसाची दोन नावे. क्वालकॉमच्या चिपांवर नेमके दुसरे घडले. बोर्डावरच्या क्रिस्टलला डिव्हाइस ट्रीमध्ये ‘एक्सओ बोर्ड’ म्हणत आणि ड्रायव्हर त्याला नुसते ‘एक्सओ’ म्हणून हाक मारत. दोघांची गाठ घालण्यासाठी कर्नलमध्ये चक्क एक नकली क्लॉक तयार करण्यात आले. त्याचे काम एकच: एका नावाचे स्पंद, गतीत काडीचाही फरक न करता, दुसऱ्या नावाने पुढे देणे. सिलिकॉनमध्ये असे काही नव्हते. ही वस्तू केवळ नामभेदापोटी जन्मली होती.

३१/
२०१९ मधील ५.२ या आवृत्तीत क्लॉक विभागाचे मेंटेनर स्टीफन बॉइड यांनी यावर उपाय आणला. पालक आता थेट दर्शवता येऊ लागला: एकाच ड्रायव्हरमधील असेल तर सरळ त्याच्या रचनेकडे बोट दाखवून, बाहेरचा असेल तर डिव्हाइस ट्रीतील नोंदीद्वारे. मग सुरू झाली ती खरी पायपीट. एकेका चिपचा ड्रायव्हर घेऊन शेकडो नावे काढून त्यांच्या जागी नाती लिहायची. क्वालकॉमच्या ड्रायव्हरांचे असे रूपांतर दिमित्री बारिश्कोव आणि इतरांनी पुढील काही वर्षे चालवले.

३२/
या कामाला टाळ्या मिळत नाहीत. बदल यशस्वी झाला तर यंत्र कालच्यासारखेच चालते. वापरणाऱ्याला काही कळतही नाही. अयशस्वी झाला तर कोठे तरी एखादा फोन सुरूच होत नाही. तरी हे रूपांतर करताना जुन्या चुका हाती लागतातच: कधीच अस्तित्वात नसलेल्या पालकाचे नाव, किंवा शेजारच्या चिपच्या यादीतून उतरवून घेतलेली ओळ. नक्कलकाराच्या चुका पोथीगणिक वाढत जातात, हे जुन्या हस्तलिखितांच्या अभ्यासकांना ठाऊक असलेले सत्य कर्नललाही लागू पडते.

३३/
ओमॅपची वंशावळही अजून पुरती निवली नव्हती. २०१४ मध्ये प्रत्येक क्लॉकची स्वतंत्र नोंद झाली खरी, पण चिपमध्ये एकाच रजिस्टरच्या वेगवेगळ्या बिटांत अनेक क्लॉक असतात. म्हणून एकाच पत्त्यावर दोन-दोन, चार-चार नोंदी झाल्या आणि तपासणीची साधने कडक झाल्यावर इशाऱ्यांचा पाऊस पडू लागला. शिवाय त्या नोंदींची नावे अंडरस्कोरने जोडलेली, जुन्या सी फायलींतून जशीच्या तशी आलेली. डिव्हाइस ट्रीच्या रिवाजात ती बसत नव्हती.

३४/
मग नावे सरळ बदलून का टाकली नाहीत? कारण कर्नल क्लॉकचे नाव त्या नोंदीच्या नावावरूनच घेत होता. नोंदीचे नाव बदलले की क्लॉकचे नाव बदलणार आणि त्या नावाने पालक शोधणारी सारी अपत्ये अनाथ होणार. २०२२ मध्ये टोनी लिंडग्रेन यांनी हा गुंता क्रमाने सोडवला. ते ओमॅपचे दीर्घकाळचे मेंटेनर. अकरा वर्षांपूर्वी टॉरवाल्ड्स भडकले ते ओमॅपचे बदल त्यांच्याच विभागातून गेले होते.

३५/
त्यांनी आधी प्रत्येक नोंदीत क्लॉकचे नाव स्वतंत्र रकान्यात लिहिण्याची सोय ड्रायव्हरांना शिकवली. मग तो रकाना सर्व उताऱ्यांत भरला. त्यानंतर नोंदींची नावे रिवाजाप्रमाणे बदलली आणि एका रजिस्टरमधील क्लॉक त्या रजिस्टरच्या एका नोंदीखाली एकत्र केली. प्रत्येक पायरीवर जुना उतारा घेऊन येणारे यंत्रही सुरू झाले पाहिजे, ही अट शेवटपर्यंत पाळायची होती.

३६/
बॉइड यांच्या २०१९ च्या रचनेतही पालक दर्शवण्याच्या रकान्यांमध्ये थेट रचना आहे, उताऱ्यातील नाव आहे, क्रमांक आहे आणि त्याशिवाय जुन्या पद्धतीचे अक्षरी नावही आहे. पहिले मार्ग निष्फळ ठरले तर कर्नल अजूनही त्या नावाने पालक शोधतो. हा रकाना काढून टाकायचा तर आधी कोणाच्या तरी कपाटातील जुन्या बोर्डाचा उतारा बदलावा लागेल.